आमवात घेऊन वैद्यांकडे गेलं की नेमकं काय होतं? आणि चालू असलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

सकाळचे सहा. दुधाची पिशवी कापायला कात्री उचलली, तर अंगठा कात्रीच्या कडीत जात नाही. बोटं सुजलेली, ताठ. मूठ अर्धीच वळते. कोमट पाण्याखाली हात धरून तासाभरानं कुठे बोटं जरा मोकळी होतात. घरातले म्हणतात, "वात आलाय, तेल लाव." शेजारच्या काकू एका वैद्यांचा नंबर देतात. तोवर मोबाइलवर रील येऊन पडलेलं असतं, संधिवात मुळापासून घालवा, तोही एकवीस दिवसांत.

आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार, बऱ्याच घरांत असाच सुरू होतो. तो पाहुण्यासारखा येऊन जात नाही, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. त्यामुळे कधी ना कधी पेशंटची पावलं आयुर्वेदाकडे वळतातच. "वैद्य नुसत्या सांध्याचा नाही, सगळ्या शरीराचा विचार करतात," हे वाक्य तर प्रत्येकाने ऐकलेलं असतं. पण सगळ्या शरीराचा विचार म्हणजे प्रत्यक्षात काय? त्या खोलीत काय विचारतात, काय देतात, त्यातलं काय तपासून पाहिलं गेलंय आणि नुकसान नेमकं कुठे होतं? हे सगळं या एका आजाराच्या निमित्ताने नीट समजून घेता येतं.

आधी नावाचा घोळ

मराठीत आपण कुठलाही सांधा दुखला की 'संधिवात' म्हणून मोकळे होतो. निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो. वयानुसार गुडघ्याची झीज होते तो आयुर्वेदातला संधिगत वात. रक्तात यूरिक अॅसिड वाढून पायाचा अंगठा लालबुंद होतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, ते साधारणपणे वातरक्तात बसवलं जातं. आणि आमवात हे तिसरंच प्रकरण. यात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हाताची लहान बोटं, मनगटं, तळपाय, बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखेच. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो. अंगात कणकण, थकवा, भूक मेलेली. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो आणि तिशी-चाळिशीतही सुरू होतो.

रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेलं पुणे जिल्ह्यातलं भिगवण या विषयातही महत्त्वाचं आहे. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने तिथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिथे आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का, म्हणजे दोनशे माणसांमागे एक, असं निघालं. आकडा लहान वाटतो, पण मोठ्या गावात असे पंचवीस-तीस जण सहज निघतील.

नाव नीट कळणं का महत्त्वाचं? कारण झिजेच्या गुडघ्यासाठी दिलेला सल्ला आमवाताला लागू होत नाही. आमवाताने सांध्याच्या हाडाचं होणारं नुकसान पहिल्या दोनेक वर्षांतच सुरू झालेलं असू शकतं आणि एकदा झालेलं नुकसान कुठल्याच पॅथीने भरून येत नाही. या आजारात घड्याळ चालू असतं.

वैद्यांच्या खोलीत

समजा, चाळिशीतली एक बाई पहिल्यांदा वैद्यांकडे गेली. वैद्य जुन्या शिस्तीचे असतील तर पहिली भेट अर्धा-पाऊण तास चालते आणि त्यातला बराच वेळ सांध्यांबद्दल बोलणंच होत नाही. भूक कधी लागते? लागते की घड्याळ बघून जेवता? जेवल्यावर पोट जड होतं का? शौचाला साफ होतं का, रोज होतं का? जीभ दाखवा. झोप लागते का, दुपारी झोपता का? पाळी कशी आहे? कामाचं ठिकाण एसीत आहे का? घाम येतो का? दही रोज खाता का? रात्रीचं जेवण किती वाजता? घरात कोणाला असं दुखणं होतं का?

पेशंटला वाटतं, हात दाखवायला आले आणि हे पोटाचं विचारताहेत. पण या प्रश्नांमागे एक पक्कं गृहीतक आहे. आयुर्वेदाच्या मते या रोगाचं मूळ पोटात आहे. जठराग्नी मंद झाला की अन्न नीट पचत नाही. त्या अर्धवट पचलेल्या, चिकट, जड भागाला 'आम' म्हणतात. हा आम वाताबरोबर शरीरभर फिरतो आणि सांध्यांत जाऊन बसतो. म्हणून आम अधिक वात, आमवात.

या रोगाचं स्वतंत्र प्रकरण पहिल्यांदा येतं ते साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या 'माधवनिदान' या ग्रंथात. त्यातली कारणांची यादी आज वाचली तरी ओळखीची वाटते. एकमेकांशी न जुळणारे पदार्थ एकत्र खाणं, मंद भूक, हालचाल नसलेलं बैठं जगणं आणि तेलातुपाचं भरपेट जेवून लगेच अंगमेहनत करणं. लक्षणांमध्ये तर विंचू चावल्यासारख्या वेदनेचं वर्णन आहे. ज्यांनी हे दुखणं काढलंय त्यांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

मग तपासणी. नाडी, मूत्र, मल, जीभ, आवाज, स्पर्श, डोळे आणि एकूण देहयष्टी, अशी आठ अंगांची परीक्षा. यातल्या नाडीचा सोशल मीडियावर फारच बोलबाला आहे. मनगट धरलं आणि सगळे रोग सांगितले, असे व्हिडिओ लाखोंनी बघितले जातात. गंमत म्हणजे चरकसंहितेत नाडीपरीक्षेचा असा सविस्तर विचार नाहीच. तो येतो बऱ्याच नंतर, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या 'शार्ङ्गधरसंहिते'त. चरकाचा भर आहे तो प्रकृती, विकृती, वय, पचनाची ताकद, व्यायामाची ताकद, मनाचं बळ, काय सोसतं आणि काय नाही, अशा दहा गोष्टी तपासण्यावर. म्हणजे प्रश्न विचारण्यावर. नुसतं मनगट धरून आमवाताचं निदान करणाऱ्यापेक्षा पाऊण तास प्रश्न विचारणारे वैद्य शास्त्राला जास्त धरून आहेत.

आणि आजचे बरेच वैद्य इथेच थांबत नाहीत. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी, हाताचा एक्स-रे, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या हे सगळं मागून घेतात. बीएएमएसचा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या डॉक्टरला हे रिपोर्ट वाचता येतात. "रिपोर्टबिपोर्ट काही नको, मी नाडीवरून सांगतो," असं कोणी म्हणालं तर तिथेच सावध व्हायला हरकत नाही.

तेल लावू नका, असं वैद्यच सांगतात तेव्हा

पेशंटला पहिला धक्का इथे बसतो. आयुर्वेद म्हणजे तेल, मसाज, शिरोधारा असं चित्र डोक्यात असतं. आणि वैद्य म्हणतात, तेल आजपासून बंद.

कारण सरळ आहे. आम हा मुळातच चिकट आणि जड. त्यावर तेलाने जिरवाजिरव केली तर तो आणखी घट्ट होतो, असं शास्त्र सांगतं. म्हणून सूज चढलेली असताना कोरडा शेक देतात. जाड कापडात वाळू बांधून, तव्यावर गरम करून, त्या पुरचुंडीने शेकायचं. याला वालुकास्वेद म्हणतात. खर्च जवळपास शून्य. मात्र शुगरच्या पेशंटला तळपायाची जाणीव कमी असेल तर चटका बसलेला कळत नाही, तिथे हा प्रयोग घरी करू नये.

पुढचा क्रम अकराव्या शतकातल्या 'चक्रदत्त' ग्रंथापासून जवळपास ठरलेला आहे. आधी लंघन, म्हणजे पोटाला विश्रांती. कडक उपास असा अर्थ नाही. मुगाचं कढण, भाताची पेज, ज्वारीची भाकरी, हुलग्याचं कढण, कारलं, पडवळ, शेवगा, आलं-लसूण. सुंठ घालून उकळलेलं पाणी. दही, मासे, उडीद, गूळ, दूध या गोष्टी काही काळ बंद. दुपारची झोप बंद. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला मासे बंद सांगणं म्हणजे शिक्षाच. म्हणून अनुभवी वैद्य सगळं एकदम बंद करत नाहीत, सूज उतरेपर्यंतच्या मुदतीवर सौदा करतात.

मग भूक वाढवणारी, पचन सुधारणारी कडू-तिखट औषधं. मग विरेचन, म्हणजे ठरवून पोट साफ करणं. त्यासाठी सुंठीच्या काढ्यातून एरंडेल हा या रोगावरचा जुना, मानाचा उपाय. सिंहनाद गुग्गुळ हे आमवातातलं नेहमीचं औषध, त्यातही त्रिफळा, गंधक आणि गुग्गुळासोबत एरंडेल असतं. रास्नासप्तक किंवा महारास्नादी काढा, वैतरण बस्ती, या पायऱ्या पेशंटची ताकद बघून. अशक्त, वजन घटलेल्या बाईला जुलाब देत सुटणारा वैद्य स्वतःच्याच शास्त्राविरुद्ध वागतो.

यातली कुठलीही एक गोष्ट वेगळी काढली तर तिला फारसा अर्थ उरत नाही. ऑनलाइन मागवलेली 'आयुर्वेदिक सांधेदुखी कॅप्सूल' आणि वैद्यांची चिकित्सा यांत हाच फरक आहे. कॅप्सूल विकणारा भूक विचारत नाही, रात्री अकराचं जेवण बंद करायला लावत नाही, पंधरा दिवसांनी बोटं मोजत नाही. बाटली येते, बाकीचं सगळं गायब होतं. आणि खरं तर दीर्घ आजारात त्या बाकीच्याचाच वाटा मोठा असतो.

तपासून पाहिलं तेव्हा काय दिसलं?

आयुर्वेदावर संशोधन करणाऱ्यांपुढची नेहमीची अडचण अशी, की प्रत्येक पेशंटचं औषध वेगळं. मग तुलना करायची कशी? ही अडचण कोइंबतूरमध्ये झालेल्या एका अभ्यासाने छान सोडवली. अमेरिकी संधिवाततज्ज्ञ डॅनियल फर्स्ट आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी आमवाताचे ४३ पेशंट घेतले आणि तीन गट केले. एकाला मेथोट्रेक्सेट, एकाला आयुर्वेदिक उपचार, एकाला दोन्ही. वैद्यांना हवं ते औषध, हवं तसं बदलून देण्याची मुभा होती. फक्त कोणाला खरं औषध मिळतंय आणि कोणाला हुबेहूब दिसणारं नकली, हे पेशंटलाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. ३६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत साधारण सारखीच सुधारणा दिसली. २०११ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

हा अभ्यास आयुर्वेदाच्या बाजूने खूप शेअर होतो. पण ४३ हा आकडा लहान आहे. तिघांत वाटला तर एका गटात पंधराही माणसं नाहीत. स्वतः संशोधकांनीही त्याला प्राथमिक चाचणीच म्हटलंय. असा अभ्यास करता येतो आणि पुढे मोठा करायला हवा, इतकंच तो ठामपणे सांगतो. 'आयुर्वेद मेथोट्रेक्सेटच्या तोडीस तोड ठरला' हे त्यातून निघत नाही.

मोठा अभ्यास झाला तो गुडघ्याच्या झिजेवर. डॉ. चोप्रांच्याच पुढाकाराने ४४० पेशंटवर, २४ आठवडे. सुंठ, गुळवेल अशा वनस्पतींपासून केलेल्या औषधांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या नेहमीच्या गोळ्यांशी केली आणि वेदना कमी करण्यात ती औषधं त्यांच्या बरोबरीला आली. २०१३ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्याच निबंधात हेही नोंदवलंय, की आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेलं आढळलं. त्यांना त्रास काहीच जाणवत नव्हता. रक्त तपासलं म्हणून कळलं. आणि पुन्हा, हा आजार झिजेचा, आमवाताचा नाही.

पथ्याबाबत मात्र एक जुना नॉर्वेजियन अभ्यास वैद्यांना आवडेल असा आहे. १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला. आमवाताच्या ५३ पेशंटपैकी निम्म्यांना सात ते दहा दिवसांचा उपास आणि नंतर वर्षभर ठरावीक शाकाहार दिला. त्यांच्यात सूज, वेदना, ताठरपणा कमी झाला आणि वर्षभर टिकला. पोटातल्या जिवाणूंचा आमवाताशी काही संबंध आहे का, यावरही गेल्या दहा-पंधरा वर्षांत गंभीरपणे काम चाललंय. यावरून 'आम' सिद्ध झाला असं म्हणणं घाईचं ठरेल. पण पोटाचे प्रश्न विचारणारे वैद्य विषय सोडून बोलत नव्हते, एवढं नक्की.

आणखी एक गोष्ट रील्समध्ये कधीच सांगत नाहीत. आमवात चढतो-उतरतो. माणूस वैद्य बदलतो तो दुखणं सगळ्यात जास्त असताना. त्यानंतर ते थोडं उतरणारच असतं. गरोदरपणात तर पुष्कळ जणींचा आमवात आपोआप शांत होतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतो. त्या काळात घेतलेल्या कुठल्याही काढ्याला श्रेय मिळून जातं.

आणि त्या गोळ्या?

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते इथे. आयुर्वेद सुरू केला म्हणून आधीच्या गोळ्या बंद करणं.

मेथोट्रेक्सेटची भीती समजण्यासारखी आहे. कॅन्सरची गोळी म्हणून नाव ऐकलेलं असतं, मळमळतं, केस गळतात, दर काही आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं. तरुण मुलींच्या घरी तर वेगळाच ताण. लग्न ठरायचंय, दर आठवड्याची गोळी कोणाला सांगणार? आणि बाळ हवं असेल तर ही गोळी चालतच नाही, काही महिने आधी बंद करावी लागते. मग कोणी म्हणालं "आमच्या औषधाने ती गोळी सुटेल", तर मन तिकडे ओढणारच.

पण गर्भधारणेच्या आधी ही गोळी बदलून दुसरी देता येते, हे संधिवाततज्ज्ञ रोज करतात. विचारलं तर. न सांगता बंद केली तर काय होतं? पहिले काही आठवडे काहीच होत नाही, म्हणूनच फसायला होतं. नंतर सूज परत येते आणि यावेळी ती बोटांची ठेवण बिघडवून जाते. वाकडी झालेली बोटं एरंडेलानेही सरळ होत नाहीत.

या गोळीचा इतिहास मात्र दोन्ही बाजूंच्या भांडकुदळांनी एकदा वाचावा. मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या आधीचं अमिनोप्टेरिन ही औषधं अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाली, १९४० च्या दशकात. त्या संशोधनाचं नेतृत्व करणारे शास्त्रज्ञ होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा. अमेरिकेला जाण्याआधी ते मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात शिकवत होते. तरुणपणी पोटाच्या गंभीर आजारातून ते वाचले ते तिथल्याच आयुर्वेदिक डॉक्टरांच्या उपचारांनी, असं त्यांच्या चरित्रांत येतं. ज्या गोळीपासून सुटका व्हावी म्हणून लोक आयुर्वेदाकडे जातात, ती आयुर्वेद कॉलेजातल्या एका माजी शिक्षकाच्या हाताखाली जन्मली.

जबाबदार वैद्य काय करतात? चालू गोळ्या तशाच ठेवतात आणि आपली चिकित्सा जोडतात. तीन-चार महिन्यांनी सूज, ताठरपणा, सीआरपी खाली आलं, तर पेशंटला परत संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतात. डोस कमी करायचा की नाही ते तिथे ठरतं. पेनकिलर सुटणं, स्टिरॉइडचा डोस उतरणं, झोप आणि भूक परत येणं, इतकं झालं तरी पेशंटचं जगणं बदलतं. एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. मेथोट्रेक्सेट आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. दहा-बारा पुड्यांच्या आणि काढ्यांच्या गर्दीत ते चुकून रोज घेतलं गेलं, तर जीवावर बेततं.

'नैसर्गिक' या शब्दाने झोप लागू देऊ नका

मुंबईत २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये यकृततज्ज्ञांकडे सहा पेशंट आले, लिव्हरला सूज असलेले. सगळे गुळवेल घेत होते. कोविडचा काळ होता, कुंपणावरची गुळवेल घराघरात उकळत होती. निबंध छापून आल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात चुकून वापरली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. वाद बाजूला ठेवला तरी आमवाताच्या पेशंटला यातून एक गोष्ट घेता येते. गुळवेल प्रतिकारशक्तीवर काम करते असं मानतात आणि इथे आजारच प्रतिकारशक्तीचा आहे. त्यात मेथोट्रेक्सेट चालू असेल तर लिव्हरवर आधीच नजर ठेवावी लागते. तेव्हा शेजारच्या कुंपणावरून वेल तोडून आणण्याआधी दोन्ही डॉक्टरांना विचारलेलं बरं.

दुसरा मुद्दा धातूंचा. आमवातारी रस, वातविध्वंसन रस अशा औषधांत पारा आणि गंधक असतो. रसशास्त्रात त्यांच्या शोधनाच्या, मारणाच्या लांबलचक पद्धती आहेत आणि त्या नीट पाळल्या की औषध सुरक्षित होतं असं वैद्य मानतात. बाजारातली प्रत्येक गोळी तशी बनते का, हा प्रश्न आहे. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. अर्थात आधुनिक वैद्यकानेही आमवातात सोन्याची इंजेक्शनं कित्येक दशकं दिली होती. त्यामुळे धातू म्हटलं की लगेच अडाणीपणा, असंही नाही. पण दुकानातून स्वतःच्या मनाने 'रस' औषध आणून महिनोन्महिने खाणं हा जुगार आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात घातक आणि त्याचा आयुर्वेदाशी काहीही संबंध नाही. नाव नसलेली पुडी. लेबल नाही, घटक नाहीत, "आमचं पिढीजात आहे" एवढंच. घेतल्यावर दोन-तीन दिवसांत दुखणं गायब, भूक वाढते, तोंडावर सूज येते, शुगर चढते आणि पुडी थांबली की दुखणं दुप्पट. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याची प्रकरणं वारंवार उघडकीला आली आहेत. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर ती एकदम थांबवणंही धोक्याचं. पुडी हातात घेऊन एमडी डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगणं, हाच मार्ग.

जाहिरातींचं म्हणाल तर १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार कायदा आहे. ज्या आजारांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही, त्यांची यादीच त्याला जोडलेली आहे. त्यात संधिवातही आहे, मधुमेहही आहे. एकवीस दिवसांचं ते रील याच कायद्यात बसतं.

वैद्य निवडताना

महाराष्ट्रात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करायला महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी लागते. तो क्रमांक विचारण्यात कसलाही उर्मटपणा नाही. खर्चाची चिंता असेल तर वरळीचं पोदार, पुण्यातलं ताराचंद अशी आयुर्वेद महाविद्यालयांची जुनी रुग्णालयं आहेत. तिथे ओपीडीत गर्दी असते, पण पंचकर्म खासगी सेंटरच्या मानाने खूप स्वस्तात होतं. प्रिस्क्रिप्शनवर औषधांची नावं लिहून मागावीत. तीन महिन्यांत काय बदललं पाहिजे, हे पहिल्याच भेटीत विचारावं. "विश्वास ठेवा" हे त्याचं उत्तर नव्हे.

ताप, एकच सांधा अचानक लाल आणि गरम होणं, धाप लागणं, डोळा लाल होऊन दुखणं, कावीळ किंवा काळी शौच, यांपैकी काही झालं तर वैद्यांची पुढची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

बाकी रोजच्यासाठी शंभर पानी वही पुरते. सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण वळायला किती मिनिटं लागली तो आकडा, काल रात्रीचं जेवण किती वाजता झालं, झोप किती, कुठल्या बोटाला सूज. वैद्य आणि संधिवाततज्ज्ञ, दोघांनाही हीच वही दाखवायची. पहिल्या पानावर सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णांची नावं. मेथोट्रेक्सेटसमोर त्याचा वार, मोठ्या अक्षरात, लाल पेनाने.